इंजिन थंड कसे राहते?

बालमित्रांनो, इंजिनात डिझेल जळते, पण सगळी उष्णता कामी येत नाही. उरलेली बाहेर काढली नाही, तर तेल पातळ होते, दट्ट्या फुगतो आणि सिलिंडरमध्ये अडकतो. मग इंजिन जाम झालं म्हणून समजा!

थंड करण्याच्या दोन रीती आहेत.

१) हवेने : पुष्कळ मोटरसायकलींच्या सिलिंडरला बाहेरून पातळ पाती असतात. त्यांना वारा लागतो.
फायदा : वजन कमी, पाणी लागत नाही.
तोटा : आवाज जास्त, गाडी उभी राहिली की वारा कमी पडतो.

२) पाण्याने : ट्रॅक्टरमध्ये पंप इंजिनभोवती पाणी फिरवतो. तापलेले पाणी रेडिएटरच्या बारीक नळ्यांत येते. पंख्याच्या वाऱ्याने ते निवते व पुन्हा आत जाते.
फायदा : इंजिन सगळीकडे सारखे थंड राहते.
तोटा : पाणी गळालं की काम थांबलं. खारे पाणी घातले तर नळ्यांत क्षार साचतात.

सांभाळा! तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडू नका. आत दाब असल्याने पाणी १०० अंशांच्या वर गेले तरी उकळत नाही. झाकण काढताच दाब जातो आणि उकळते पाणी वाफेसकट अंगावर उडते. आधी इंजिन निवू द्या. घरी वडिलांनाही सांगा बरं का!