काचेवरचा चेहरा

कोल्हापुरात पाहुणे आले की आपण त्यांना न्यू पॅलेस दाखवतो. तलवारी, बंदुका पाहून मंडळी दरबार हॉलमध्ये येतात आणि माना वर करतात. मेजर चार्ल्स मॅन्ट यांच्या आराखड्यानुसार 1884 मध्ये पूर्ण झालेल्या या वाड्यात शिवछत्रपतींच्या जीवनातील प्रसंग रंगीत काचांवर चितारले आहेत. युरोपातील कॅथेड्रलांत शुभवर्तमान सांगणारी कला इथे मराठ्यांचा इतिहास सांगते.

रंगीत काचेचे तुकडे शिशाच्या पट्टीत बसवले की चित्र झाले, असे पुष्कळांना वाटते. तांबडा झगा, निळे आकाश तेवढ्याने साधते. पण डोळे, ओठ, हाताची बोटे? ती रंगवावीच लागतात. लोहाचे ऑक्साइड आणि काचेची बारीक पूड डिंकाच्या पाण्यात खलून चित्रकार आधी रेषा काढतो. मग त्याच रंगाचा पातळ हात सबंध तुकड्यावर देतो. तो वाळला की ताठ केसांच्या कुंचल्याने थोडा थोडा उडवत गालावर, कपाळावर उजेड आणतो. हे काम पाहण्यासारखे असते. जरा जास्त घासले की चेहरा गेला! शेवटी तुकडा भट्टीत साधारण 600 ते 650 अंश सेल्सिअसला भाजतात. पूड वितळते आणि रेषा काचेला धरते. भाजणे कच्चे राहिले तर पुढे दमट हवेत रेषा सुटू लागते. झगा तसाच झगमगतो, संताचा चेहरा मात्र कोरा होतो.

मुंबईच्या स्वाती चंदगडकर या कलेतील आजच्या जाणकार. (आडनाव ऐकून आपल्या जिल्ह्यातील चंदगड आठवतेच.) मुंबई विद्यापीठाचे ग्रंथालय आणि राजाबाई टॉवर यांची वास्तू 1878 ची. तिच्या रंगीत काचांच्या जतनाचे काम त्यांनी केले. वास्तूची दुरुस्ती 2015 मध्ये पूर्ण झाली आणि 2018 मध्ये युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कारांत तिचा सन्मानपूर्वक उल्लेख झाला.

आपल्यापैकी अनेकजण सणापूर्वी चर्चची साफसफाई करतात, म्हणून एवढे लक्षात ठेवावे. रंगकाम बहुधा काचेच्या आतल्या बाजूस असते, म्हणजे नेमके आपला हात पोहोचतो तिथे. साबण, सोडा, काच पुसण्याचे द्रव वापरू नये. धूळ मऊ, कोरड्या कुंचल्याने झटकावी. कुंचल्याला काळसर भुकटी लागली तर तिथेच थांबावे, फोटो काढावा आणि जाणकाराला दाखवावा.