अकराव्या चालीच्या पुढे

निफाड

चि. बाळास,

तुझ्या बुद्धिबळाच्या डावाचं नोटेशन पटावर मांडून पाहिलं. पंधरा चाली तोंडपाठ होत्या, पण समोरच्याने सहाव्यालाच वाट सोडली आणि तू गडबडलास. हरल्याचं मला काही वाटत नाही. पण ‘ओपनिंगच चुकलं, आता दुसरं पाठ करतो’ असं लिहिलंस, ते मुळीच पटलं नाही.

आपल्या नाशिकच्या विदित गुजराथीचे लागोपाठचे दोन डाव बघ. एप्रिल २०२४, टोरांटो, कॅन्डिडेट्स स्पर्धा. दुसऱ्या फेरीत काळी मोहरी घेऊन तो हिकारू नाकामुरासमोर बसला. रुय लोपेझमधला बर्लिन बचाव. पांढऱ्याचा उंट काळ्याच्या घोड्यावर रोखलेला असतो, तरी काळा आपलं ई-५ चं प्यादं राखत बसत नाही; दुसरा घोडा काढून उलट ई-४ वर दाब आणतो. इथवर तुलाही येतं. अकराव्या चालीला मात्र विदितने उंट देऊन एच-३ चं प्यादं मारलं, पांढऱ्या राजापुढचा कोटच फोडला! ही घरून केलेली तयारी होती. क्लासिकलमध्ये सलग ४७ डाव न हरलेला नाकामुरा तो डाव हरला.

दुसऱ्याच दिवशी विदितकडे पांढरी मोहरी, पुन्हा रुय लोपेझ, समोर प्रज्ञानंद. प्रज्ञानंदने तिसऱ्याच चालीला एफ-पट्टीतलं प्यादं दोन घरं पुढे रेटलं. त्या पातळीवर हा जुगार क्वचितच कुणी खेळतं. विदित हरला.

आता सांग, यात ओपनिंग चांगलं की वाईट? अरे, उंट दिल्यावर समोरचा काय उत्तर देईल हे त्याच्या हातात. तिथून पुढे मोहरी कुठे न्यायची हे ज्याला कळतं, त्यालाच तो उंट देता येतो. आणि मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे, की मधल्या पराभवांनंतरही नवव्या फेरीत विदितने नाकामुराला पुन्हा हरवलं.

तेव्हा ओपनिंग बदलू नकोस. ओपनिंगचे व्हिडिओ बंद ठेव. वहीत प्रत्येक चालीसमोर दोन गोष्टी लिही: ही चाल कशासाठी, आणि समोरच्याने ती मानलीच नाही तर माझा कुठला घोडा, कुठला हत्ती कुठे जाणार. पहिल्या सहा चालींचंच लिही. कारण सुचलं नाही तिथे जागा कोरी सोड. रविवारी आलास की त्या कोऱ्या जागांपासूनच बसू.

तुझा,
मामा