वणवा आणि आपले घर

वसईच्या पूर्वेला तुंगारेश्वरचा डोंगर आहे. २००३ साली सरकारने तेथील रानाला अभयारण्य केले. हे अभयारण्य सुमारे ८५ चौरस किलोमीटर आहे. त्याच्या कडेला कितीतरी पाडे आहेत. रान आपल्याला सावली देते, सरपण देते. पण शिमगा जवळ आला की हेच रान वाळते. साग पाने टाकतो. गवत पिवळे पडते. मग एक जळती काडी पुरे होते.

“वणवा देवाच्या इच्छेने लागतो, आपण काय करणार?” असं पुष्कळ लोक म्हणतात. ते खरे नाही. आपल्याकडचे बहुतेक वणवे माणसाच्या हातून लागतात. कोणी राब भाजतो आणि तसाच घरी जातो. कोणी मोहाखालचा पाला पेटवतो. कोणी जळती बिडी टाकतो. जे माणसाच्या हातून होते, ते माणसाला टाळताही येते.

आता घर कसे पेटते ते पाहू. मोठी ज्वाळा घरापर्यंत यावी लागत नाही. आग दूर असली तरी ठिणग्या वाऱ्यावर उडतात. त्या उघड्या मातीवर पडल्या तर विझतात. पेंढ्यात, पाल्यात किंवा सरपणात पडल्या तर पेट घेतात. तेथून आग कुडाला लागते आणि छपरावर चढते. म्हणून आम्ही सांगतो, घर वाचवायचे तर आधी अंगण साफ करा.

शिमग्यापूर्वी ही कामे करावी :

१. घराभोवती पाच फूट जागा अगदी मोकळी ठेवा. तेथे पाला, गोवऱ्या, सरपण काही नको.

२. त्यापुढे तीस फुटांपर्यंत वाळलेले गवत कापा. पेंढ्याची उडवी त्याच्याही पलीकडे रचा.

३. कौलांवरचा आणि वळचणीचा पाला काढा. कुडाच्या फटी शेणमातीने लिंपा.

४. घर उतारावर असेल तर खालची बाजू जास्त साफ करा. आग चढावर वेगाने धावते.

५. अंगणात पाण्याचे पिंप भरून ठेवा.

राब भाजायचा असेल तर वारा पडलेला पाहून भाजा. आधी शेजाऱ्यांना सांगा. राबाच्या चारी बाजूंचे गवत काढून माती उघडी करा. राख थंड होईपर्यंत जागा सोडू नका.

राखीव रानात आग लावणे हा १९२७ च्या वन कायद्याने गुन्हा आहे. रानातून लाकूडफाटा नेण्याचा ज्यांना हक्क आहे, त्यांनी आग दिसताच कळवावे आणि विझवायला मदत करावी, असेही तो कायदा सांगतो. हक्क आणि कर्तव्य बरोबरच चालतात.

एवढे करूनही आग जवळ आलीच, तर आधी म्हातारी माणसे आणि मुले दूर न्या. गुरांची दावी सोडा. वनरक्षकाला कळवा. ११२ किंवा १०१ ला फोन करा. आग लहान असेल तर चारचौघांनी मिळून ओल्या डहाळ्यांनी झोडपा. एकट्याने जाऊ नका. आगीच्या पुढे चढावर पळू नका. आग मोठी असेल तर घर सोडा. घर पुन्हा बांधता येते, गेलेला माणूस परत येत नाही.

एकच अंगण साफ करून भागत नाही. शेजारची उडवी पेटली तर तिची ठिणगी आपल्या दारी येते. म्हणून एक दिवस ठरवा आणि सारा पाडा मिळून हे काम करा. कोयता, झाडू आणि दोन हात एवढेच त्याला लागते.

प्रश्न :

१. दूरच्या आगीने घर कसे पेटते?

२. पेंढ्याची उडवी कोठे रचावी?

३. आपल्या पाड्यात कोणत्या घराला वणव्याचा धोका जास्त आहे? का?