‘पहेली’चा शेवट का बदलला?

प्रश्न : अमोल पालेकरांचे ‘बनगरवाडी’ आणि ‘ध्यासपर्व’ मला फार आवडतात. नुकताच त्यांचा ‘पहेली’ पाहिला. देखणा आहे, पण त्या दोन चित्रपटांपुढे उणा वाटला. मूळ गोष्टीचा शेवट निराळा आहे असं ऐकलं. खरं आहे का? मग तो बदलला का असेल?
— एक वाचक, जानकीपुरम, लखनौ

उत्तर : तुम्ही ऐकलंत ते खरं आहे, आणि चित्रपट उणा का वाटला याचं कारणही मला त्या शेवटातच दिसतं.

मूळ कथा विजयदान देथा यांची ‘दुविधा’. जोधपूर जिल्ह्यातल्या बोरुंदा गावी राहून देथांनी लोकांच्या तोंडच्या गोष्टी गोळा केल्या, त्या राजस्थानीत नव्याने लिहिल्या आणि ‘बातां री फुलवाडी’ या नावाने खंडाखंडांनी प्रसिद्ध केल्या. ‘दुविधा’वर पहिला चित्रपट काढला मणी कौल यांनी, १९७३ साली, बोरुंद्यातच. त्यासाठी त्यांना दिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पालेकरांचा ‘पहेली’ आला जून २००५ मध्ये.

दोन्ही चित्रपटांचा सांगाडा एकच. वरात घरी परतत असताना वाटेतलं एक भूत नवरीवर भाळतं. नवऱ्याचं लक्ष पहिल्या रात्रीही हिशेबाच्या वहीतच. दुसऱ्या दिवशी वडिलांच्या सांगण्यावरून तो पाच वर्षांसाठी व्यापाराला निघून जातो. भूत त्याचं रूप घेऊन घरी येतं. सासऱ्याच्या हाती सोन्याच्या मोहरा पडू लागतात, त्यामुळे मुलगा इतक्यात परत कसा आला याची चौकशी फार पुढे जात नाही. नवरीशी मात्र भूत खोटं बोलत नाही. मी तुझा नवरा नव्हे, हे ते आधी सांगतं आणि निर्णय तिच्यावर सोपवतं. जिचं लग्न, मुहूर्त आणि विरह सगळं इतरांनी ठरवलं, तिला पहिल्यांदा कुणीतरी विचारतं. ती होकार देते. या कथेचा प्राण इथे आहे.

पुढे खरा नवरा परततो तेव्हा तिचे दिवस भरत आलेले असतात. दोन सारखे पुरुष घेऊन मंडळी न्याय मागायला निघतात. वाटेत एक मेंढपाळ तीन परीक्षा घेतो. हातात निखारे धरा, मेंढरं गोळा करा, आणि शेवटी या चामडी पिशवीत शिरून दाखवा. प्रेम सिद्ध करायला भूत पिशवीत शिरतं आणि कोंडलं जातं. देथांच्या कथेत आणि कौल यांच्या चित्रपटात त्याची सुटका नाही. जिने निवड केली, तिला पुन्हा न विचारता नवऱ्याच्या स्वाधीन केलं जातं. पालेकरांच्या चित्रपटात भूत पिशवीतून निसटून नवऱ्याच्या देहात शिरतं आणि नवरीचा, म्हणजे लच्छीचा, संसार सुखाने पुढे चालतो.

पालेकरांना हे का करावंसं वाटलं असेल? ‘पहेली’च्या दोनच वर्षं आधी त्यांनी सुरेंद्र वर्मांच्या नाटकावरून ‘अनाहत’ केला होता. त्याची कथा तुमच्याच उत्तर प्रदेशातल्या श्रावस्तीत घडते. राजाला मूल होत नाही, म्हणून राणीला नियोगासाठी एका रात्रीपुरता दुसरा पुरुष निवडायला लावतात. ती जाते नाइलाजाने, पण परतते ती स्वतःची इच्छा ओळखून, आणि राजाला व मंत्र्यांना जाब विचारते. बाईच्या देहाबद्दल बोलायचा हक्क कुणाचा, हा पालेकरांच्या आस्थेचा विषय. ‘पहेली’त त्यांनी अशा एका बाईला नुसतं बोलू दिलं नाही, जिंकवलं. संध्या गोखले यांची पटकथा सुरुवातीपासून लच्छीच्या बाजूने उभी आहे. त्यामागची तळमळ मला मोलाची वाटते.

पण या विजयाची किंमत तिचा खरा नवरा किशनलाल भरतो. तो नवरा म्हणून कोरडा असेल, तरी वडिलांच्या धाकापुढे तोही दुबळाच. ज्या चित्रपटात भूत होकाराशिवाय स्पर्श करत नाही, त्याच चित्रपटात शेवटी ते एका जिवंत माणसाचा देह न विचारता ताब्यात घेतं. लच्छीलाही आता घरापुढे, गावापुढे काही बोलावं लागत नाही. समाजाच्या लेखी ती नवऱ्याबरोबरच नांदते आहे. तिने जो प्रश्न उभा केला होता, तो चमत्काराने मिटवला. ‘अनाहत’ची राणी जाब विचारते, लच्छीची ती संधी हुकते.

म्हणून हा चित्रपट टाकाऊ ठरत नाही. रवी के. चंद्रन यांनी टिपलेलं राजस्थान आणि हाडी रानीची पायऱ्यांची विहीर, एम. एम. क्रीम यांचं संगीत, गुलजारांची गीतं हे सगळं उत्तम आहे. ‘धीरे जलना’साठी श्रेया घोषाल यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ऑस्करसाठी भारताची अधिकृत प्रवेशिका म्हणून तो गेला, पण नामांकन मिळालं नाही.

माझी विनंती एवढीच, की आधी कौल यांचा ‘दुविधा’ पाहा, मग ‘अनाहत’, आणि त्यानंतर ‘पहेली’ पुन्हा. पालेकरांच्या कामात त्याची जागा दुय्यमच राहील, पण भुताने खरं सांगितल्यावर लच्छी निर्णय घेते तो प्रसंग त्यांच्या उत्तम कामाच्या पंक्तीत बसेल.