परतणारा खलनायक : ‘शॅझॅम’ कथाचक्रातील एका आशयसूत्राचा विचार

खलनायकाचे पुनरागमन ही मालिकारूप चित्रकथेची व्यावसायिक गरज मानली जाते. नियतकालिकाचा पुढचा अंक निघायचा, तर जुना शत्रू कायमचा नाहीसा होऊन चालत नाही. हे स्पष्टीकरण खरे असले तरी पुरेसे नाही. काही कथाचक्रांत पुनरागमन हा केवळ कथानकाचा भाग न राहता आशयाचे केंद्र बनतो. बिली बॅट्सन हा मुलगा आणि ब्लॅक अ‍ॅडम हा त्याचा जादुई शत्रू यांची अमेरिकन चित्रकथा या दृष्टीने अभ्यसनीय आहे.

बिली बॅट्सन प्रथम फॉसेट प्रकाशनाच्या ‘व्हिझ कॉमिक्स’मध्ये, फेब्रुवारी १९४० या तारखेच्या अंकात, अवतरला. बिल पार्कर हे त्याचे लेखक व सी. सी. बेक हे चित्रकार. वर्तमानपत्रे विकणारा हा पोरका मुलगा भुयारी रेल्वेतून एका वृद्ध मांत्रिकापाशी पोचतो. मांत्रिकाचे नाव ‘शॅझॅम’ उच्चारताच वीज कोसळते आणि मुलाच्या जागी कॅप्टन मार्व्हल हा प्रौढ महावीर उभा राहतो. सॉलोमन, हर्क्युलिस, अ‍ॅटलस, झ्यूस, अकिलीस आणि मर्क्युरी यांच्या आद्याक्षरांतून हा शब्द सिद्ध झाला आहे. येथे एक गोष्ट विशेष लक्षात घ्यावी लागते : तोच शब्द पुन्हा उच्चारला की महावीर लोप पावून मुलगा परत येतो. सामर्थ्याचे दार दोन्ही बाजूंनी उघडते. मुलाचे मोठे होणे आणि मोठ्याचे पुन्हा मूल होणे, दोन्ही एकाच शब्दात सामावले आहे.

ब्लॅक अ‍ॅडमचा प्रवेश डिसेंबर १९४५च्या ‘द मार्व्हल फॅमिली’च्या पहिल्या अंकात होतो. ओटो बाइंडर यांनी लिहिलेल्या या कथेत तो प्राचीन इजिप्तमधील टेथ-अ‍ॅडम असून मांत्रिकाने शक्ती दिलेला आधीचा वीर आहे. सत्तालोभाने तो राजाला मारून सिंहासन बळकावतो. दिलेली शक्ती काढून घेणे मांत्रिकाला शक्य नसल्यामुळे तो त्याला अतिदूरच्या ताऱ्यावर हद्दपार करतो. तेथून पृथ्वीवर यायला त्याला पाच हजार वर्षे लागतात. म्हणजे वाचकाला तो प्रथम भेटतो तोच ‘परत आलेला’ म्हणून! बळाने तो हरत नाही. अंकल मार्व्हल हा शक्तिहीन वृद्ध त्याच्याकडून युक्तीने ‘शॅझॅम’ हा शब्द वदवून घेतो. तत्क्षणी तो मर्त्य रूपात येतो आणि पाच हजार वर्षांचे वय त्याला एकदम गाठते. वरदानानेच वरदान मिळालेल्याचा नाश व्हावा, ही कल्पना भस्मासुराच्या कथेमुळे मराठी वाचकाला अपरिचित नाही. भेद इतकाच, की भस्मासुर शक्ती वापरल्यामुळे भस्म होतो, तर अ‍ॅडम ती खाली ठेवावी लागल्यामुळे.

या भेदातच कथेचे मर्म आहे. शत्रू दूरच्या ताऱ्यावरून परत येऊ शकतो, परंतु स्वतःच्या मूळ रूपात परतू शकत नाही. मुलगा मात्र वारंवार आपल्या लहानपणात परततो आणि तरीही अभंग राहतो.

फॉसेटने न्यायालयीन वादानंतर १९५३ साली महावीरांच्या कथा थांबविल्या. डीसीने हे कथाचक्र १९७३ साली पुन्हा सुरू केले आणि १९७७ साली ब्लॅक अ‍ॅडमही परतला. जेरी ऑर्डवे यांच्या १९९४च्या ‘द पॉवर ऑफ शॅझॅम’मध्ये हे वैर कौटुंबिक झाले : बिलीच्या पुरातत्त्वज्ञ आईवडिलांचा मारेकरी थिओ अ‍ॅडम हाच ब्लॅक अ‍ॅडमशी जोडला गेला. जेफ जॉन्स आणि गॅरी फ्रँक यांच्या २०१२-१३च्या आवृत्तीत बिली पंधरा वर्षांचा, चिडखोर आणि कोणावरही विश्वास न ठेवणारा आहे. तेथे शक्तीचा खरा धनी अमान नावाचा मुलगा होता आणि त्याचा काका अ‍ॅडम याने त्याला मारून ती बळकावली, असे उघड होते. उलट बिली आपली शक्ती सोबत वाढणाऱ्या पाच मुलांना वाटून देतो. अखेरीस तो स्वतः मूल होऊन अ‍ॅडमसमोर उभा राहतो आणि त्यालाही मनुष्य होऊन लढण्यास भाग पाडतो. शब्द उच्चारताच अ‍ॅडमची धूळ होते. मुलाच्या सामर्थ्यावर मोठ्यांनी केलेले आक्रमण हा अर्थ येथे प्रथमच इतका स्पष्ट होतो.

२०२२च्या ‘ब्लॅक अ‍ॅडम’ चित्रपटात खलनायकाचा नायक झाला, तेव्हाही हाच निकष टिकून राहिला. तेथे मुलगा बापाला वाचविण्यासाठी आपली शक्ती स्वेच्छेने देतो आणि बाप पुढे स्वतःहून तो शब्द उच्चारून मर्त्य रूप पत्करतो. यावेळी त्याची धूळ होत नाही. सामर्थ्य खाली ठेवता येणे, हीच त्याच्या पालटाची खूण ठरते.

कुमारवयाला मोठे होण्याची घाई असते आणि ही चित्रकथा त्या इच्छेला भरभरून रूप देते. परंतु तिचा गाभा त्या इच्छेच्या पूर्तीपलीकडे आहे. वीज कोसळून मोठे होणे कोणालाही साधेल. मोठेपण उतरवून पुन्हा बिली होणे, ही या कथाचक्रातील खरी कसोटी आहे आणि परतणारा खलनायक ती प्रत्येक पिढीतील वाचकापुढे नव्याने मांडतो.