एका नटाचा स्वाभिमान

रुपेरी पडद्यावर चमकणाऱ्या नटाचे वैभव सर्वांच्या डोळ्यांत भरते. त्यामागील कष्ट मात्र फारच थोड्यांना ठाऊक असतात. सिडनी पॉइटिए हा विसाव्या शतकातील अमेरिकेचा एक थोर नट. त्याने कीर्ती मिळविली ती अभिनयाच्या बळावर. परंतु त्या कीर्तीहूनही ज्या गुणासाठी त्याची आठवण ठेवावी, तो त्याचा गुण म्हणजे स्वाभिमान.

अटलांटिक महासागरात बहामा नावाचा बेटांचा समूह आहे. त्यांपैकी कॅट बेटावर सिडनीचे आईवडील टोमॅटोची शेती करीत. माल विकण्यासाठी ती दोघे अमेरिकेतील मायामी शहरी गेली असता, २० फेब्रुवारी १९२७ रोजी सिडनीचा जन्म झाला. दिवस भरण्यापूर्वीच जन्मलेले ते मूल इतके अशक्त होते की, ते जगेल अशी आशा कोणासही वाटेना. वडिलांनी तर त्याला पुरण्यासाठी बुटांचे एक खोकेही आणून ठेविले होते. आईने मात्र धीर सोडला नाही, आणि मूल जगले.

कॅट बेटावर वीज नव्हती, मोटारी नव्हत्या. समुद्र, वाळू आणि शेत हेच सिडनीचे जग. तेथील बहुतेक सर्व लोक कृष्णवर्णीयच असल्यामुळे, आपला वर्ण काळा आहे याचा विचार करण्याचा प्रसंगच त्याला आला नाही. वडील गरीब होते, पण कोणापुढे मान खाली घालणारे नव्हते. पुढे टोमॅटोचा व्यापार बसला, आणि सिडनी दहा वर्षांचा असताना हे कुटुंब नासाउ शहरी आले. तेथे त्याला जेमतेम दीड-दोन वर्षे शाळा लाभली. मग पोटासाठी काम करणे भाग पडले.

पंधराव्या वर्षी त्याला मायामीस थोरल्या भावाकडे धाडण्यात आले. त्या काळी अमेरिकेच्या दक्षिण भागात गोऱ्यांसाठी एक नियम व काळ्यांसाठी दुसरा, अशी रीत होती. शाळा वेगळ्या, बसावयाच्या जागा वेगळ्या, पाणी पिण्याचे नळदेखील वेगळे! एकदा सिडनी सामान पोचविण्यासाठी एका श्रीमंत गोऱ्या बाईच्या घरी गेला. त्याने समोरचे दार वाजविताच ती संतापली व मागच्या दाराने येण्यास सांगू लागली. दाराशी उभे राहून सामान देण्यात आपला अपराध काय झाला, हे त्या मुलास कळेना. अशा गावी राहणे त्याला असह्य झाले. सोळाव्या वर्षी खिशात थोडेसे डॉलर घेऊन त्याने न्यूयॉर्क गाठले.

तेथे तो उपाहारगृहांत भांडी घासू लागला. एके दिवशी वर्तमानपत्रात कामाची जाहिरात शोधीत असता, ‘नट पाहिजेत’ असे शब्द त्याच्या दृष्टीस पडले. भांडी घासून पाहिली, आता हे काम पाहावे, अशा विचाराने तो हार्लेम भागातील कृष्णवर्णीयांच्या एका नाट्यसंस्थेत गेला. त्याच्या हाती नाटकाची वही देण्यात आली. परंतु अक्षरे जुळवीत, अडखळत वाचणाऱ्या आणि बेटावरच्या हेलात बोलणाऱ्या त्या मुलाचे वाचन परीक्षकास ऐकवेना. लोकांचा वेळ दवडण्यापेक्षा कोठे भांडी घासण्याचे काम पाहा, असे सुनावून त्याने सिडनीला दाराबाहेर काढले.

हे शब्द सिडनीच्या जिव्हारी लागले. आपण भांडी घासतो हे त्या गृहस्थास ठाऊक नव्हते. तरीही आपल्याकडे पाहून त्याला तेवढेच सुचावे? आपली योग्यता याहून अधिक आहे हे सिद्ध करण्यासाठी आपण नट व्हावयाचेच, असा त्याने निश्चय केला.

त्याने एक रेडिओ विकत घेतला. निवेदक जसे बोलत, तसे तो एकांतात पुनःपुन्हा बोलून पाही. वाचनासाठी मात्र गुरूची आवश्यकता होती, आणि तो गुरू त्याला उपाहारगृहातच भेटला. तेथे एक वृद्ध ज्यू गृहस्थ वाढप्याचे काम करीत. रात्री गिऱ्हाईक आटोपल्यावर सिडनी वर्तमानपत्र घेऊन बसलेला त्यांना दिसे. आज पत्रात काय बातमी आहे, असे त्यांनी एकदा सहज विचारले. आपल्याला नीट वाचता येत नाही, असे सिडनीने प्रांजळपणे सांगितले. तेव्हा ते गृहस्थ त्याच्या शेजारी बसले व त्याच्याबरोबर वाचू लागले. त्या रात्रीपासून हा नित्यक्रमच झाला. लांब शब्दांचे तुकडे पाडून ते कसे उच्चारावेत, स्वल्पविराम कोठे आणि कशासाठी देतात, पूर्णविरामाशी कसे थांबावे, हे त्यांनी त्याला कित्येक आठवडे शिकविले. दिवसभराच्या कामाने दोघेही थकलेले असत. परंतु धडा चुकला नाही. पुढे सिडनी ते काम सोडून गेला, आणि त्या गुरूची व त्याची पुन्हा भेट झाली नाही. थोरपणी सिडनीला याची फार खंत वाटे. त्यांचे ऋण तो जन्मभर बोलून दाखवीत असे.

सुमारे सहा महिन्यांनी सिडनी पुन्हा त्याच नाट्यसंस्थेत गेला. शिक्षणाच्या मोबदल्यात मी येथील झाडलोट करीन, असे त्याने सांगितले, आणि त्याला प्रवेश मिळाला. इ. स. १९४६ मध्ये एका प्राचीन ग्रीक नाटकातून त्याने न्यूयॉर्कच्या मोठ्या रंगभूमीवर पाऊल टाकले. भीतीने पहिल्याच प्रयोगात त्याची वाक्ये मागेपुढे झाली. पण प्रेक्षक खळखळून हसले आणि टीकाकारांनी त्याची स्तुती केली! इ. स. १९५० मध्ये ‘नो वे आउट’ या चित्रपटात त्याने एका तरुण डॉक्टरची भूमिका केली.

ही गोष्ट तेव्हा लहान नव्हती. त्या काळी चित्रपटांत कृष्णवर्णीय नटाला बहुधा नोकराची किंवा विदूषकाची कामे मिळत. गोऱ्या प्रेक्षकांनी त्याला हसावे व विसरून जावे, एवढाच त्यांचा उपयोग. अशी भूमिका आपण करावयाची नाही, असा सिडनीचा बाणा होता. त्याची कसोटी लवकरच लागली. एका चित्रपटात त्याला चांगल्या पैशांचे काम देऊ करण्यात आले. त्यातील कृष्णवर्णीय बापाने तोंड उघडू नये म्हणून गुंड त्याच्या मुलीचा वध करतात, आणि तो बाप मुकाट्याने स्वस्थ बसतो, अशी ती भूमिका होती. सिडनीला स्वतःच्या वडिलांची आठवण झाली. आपल्या वडिलांनी असे कधीही सोसले नसते, असे त्याचे मन त्याला सांगू लागले. त्याने काम नाकारले. त्या वेळी त्याच्या घरी मूल जन्माला यावयाचे होते, आणि रुग्णालयाचा खर्च भागविण्यासाठी त्याला ७५ डॉलर कर्ज काढावे लागले. तरी त्याने आपला शब्द बदलला नाही. ज्या मध्यस्थाने ते काम आणले होते, तो प्रथम चकित झाला; परंतु काही महिन्यांनी त्यानेच सिडनीचा कारभार आनंदाने आपल्याकडे घेतला.

पुढे यश त्याच्याकडे चालत आले. इ. स. १९५५ मध्ये दूरचित्रवाणीवरील ‘अ मॅन इज टेन फीट टॉल’ या नाटकात तो गोदीकामगार झाला. ‘लिलीज ऑफ द फील्ड’ या चित्रपटात त्याने एका फिरस्त्या कारागिराची भूमिका केली. हा कारागीर वाळवंटात ख्रिस्ती संन्यासिनींना प्रार्थनामंदिर बांधून देतो. या भूमिकेबद्दल १३ एप्रिल १९६४ रोजी त्याला उत्कृष्ट अभिनेत्याचे ऑस्कर पारितोषिक मिळाले. हा मान मिळविणारा तो पहिला कृष्णवर्णीय नट होय. त्याच वर्षी अमेरिकेत वर्णभेदाविरुद्धचा नागरी हक्क कायदा संमत झाला.

परंतु पारितोषिक घेऊन तो स्वस्थ बसला नाही. त्याच उन्हाळ्यात मिसिसिपी राज्यात कृष्णवर्णीयांना मताधिकार मिळावा म्हणून झटणाऱ्या तिघा तरुणांचे खून झाले होते. तेथील कार्यकर्त्यांना पैशांची निकड होती. सिडनी आणि त्याचा स्नेही, प्रसिद्ध गायक हॅरी बेलाफाँटे, हे दोघे ७०,००० डॉलर घेऊन जातीने तेथे गेले. रात्रीच्या अंधारात शत्रूंच्या मोटारींनी त्यांचा पाठलाग केला. तरी त्यांनी ती रक्कम पोचविली.

इ. स. १९६७ मध्ये ‘इन द हीट ऑफ द नाइट’ हा त्याचा चित्रपट आला. त्यात एक गोरा जमीनदार कृष्णवर्णीय पोलीस अधिकाऱ्याच्या थोबाडीत मारतो, आणि तो अधिकारी तत्क्षणी तशीच परत देतो. असे दृश्य अमेरिकन पडद्यावर पूर्वी दिसत नसे. तरीही काही कृष्णवर्णीय टीकाकार त्याला दोष देत. याची माणसे नेहमीच निर्दोष व समजूतदार असतात. गोऱ्यांना रुचतील अशीच ती रंगविलेली असतात, असे ते म्हणत. या टीकेत काही तथ्य होते. सबंध समाजाचे ओझे एकट्या नटाच्या खांद्यावर पडले होते. पुढे सिडनी स्वतः दिग्दर्शक झाला आणि त्याने अनेक कृष्णवर्णीय कलावंतांना आपल्या चित्रपटांत संधी दिली.

इ. स. १९५१ मध्ये प्रदर्शित झालेल्या एका चित्रपटासाठी तो दक्षिण आफ्रिकेत गेला होता. तेथील वर्णद्वेषी कायद्यांमुळे, नट म्हणून नव्हे तर दिग्दर्शकाचा करारबद्ध नोकर म्हणून त्याला त्या देशात प्रवेश घ्यावा लागला. इ. स. १९९७ मध्ये दूरचित्रवाणीवर त्याने त्याच देशाच्या राष्ट्राध्यक्षांची, नेल्सन मंडेलांची, भूमिका केली. तोवर ते कायदे नष्ट झाले होते.

६ जानेवारी २०२२ रोजी, वयाच्या चौऱ्याण्णवाव्या वर्षी, सिडनी पॉइटिए मरण पावला. मागच्या दाराने ये असे ज्या मुलास सांगण्यात आले होते, त्याने समोरचे दार स्वतःसाठी तर उघडलेच, पण मागून येणाऱ्यांसाठीही ते उघडे ठेविले.

स्वाध्याय

१. ‘नट व्हावयाचेच’ असा निश्चय सिडनीने का केला?
२. वृद्ध वाढप्याने सिडनीला कोणकोणत्या गोष्टी शिकविल्या?
३. पैशांची गरज असूनही सिडनीने एक भूमिका का नाकारली? तुम्हांला त्याचे वागणे योग्य वाटते काय? सकारण लिहा.
४. टीकाकारांनी सिडनीला कोणता दोष दिला? त्यावर त्याने काय केले?
५. वाक्यांत उपयोग करा : जिव्हारी लागणे, धीर सोडणे, मान खाली घालणे, डोळ्यांत भरणे.
६. तुम्हांला एखादी गोष्ट मनापासून शिकविणाऱ्या व्यक्तीविषयी दहा ओळी लिहा.