गुंजाल्याची अक्षरे आणि संकल्पनाचे पदव्युत्तर शिक्षण

'अक्षर' या शब्दाचा अर्थच मुळी 'नाश न पावणारे' असा आहे. परंतु अक्षरे ज्या लिपीत लिहिली जातात ती लिपी मात्र लोप पावू शकते, हे महाराष्ट्राला मोडीच्या अनुभवावरून ठाऊक आहे. शतकानुशतके दप्तरात वावरलेली मोडी विसाव्या शतकाच्या मध्यास शासकीय व्यवहारातून आणि शाळांतून बाजूला पडली. हात न उचलता झरझर लिहिण्याची तिची रीत कारकुनाला सोयीची होती; पण सुटे खिळे जुळवून छापताना तीच रीत अडचणीची ठरली आणि छापखान्यांनी बाळबोध देवनागरीला जवळ केले. आज अभिलेखागारांत मोडी कागदांचे रुमालच्या रुमाल पडून आहेत. ते वाचू शकणारी माणसे मात्र थोडी आहेत.

लिपीचे भवितव्य केवळ तिच्याविषयीच्या प्रेमावर अवलंबून नसते. ती छापता येते का, मुलांना सुलभपणे शिकवता येते का आणि रोजच्या व्यवहारात वापरता येते का, यांवर ते ठरते. या प्रश्नांचा पद्धतशीर विचार ज्या विद्याशाखेत केला जातो तिला दृश्य आणि उपयोजित संकल्पन असे म्हणतात. ज्याला व्यवहारात सर्रास 'डिझाइन' म्हटले जाते, तेच हे संकल्पन. या विषयातील पदव्युत्तर शिक्षण म्हणजे नेमके काय, ते कोणाला घेता येते आणि खेड्यापाड्यांना त्याचा उपयोग कोणता, हे समजून घेण्यास आदिलाबाद जिल्ह्यातील एका गावाचे उदाहरण फार मार्गदर्शक ठरावे.

गुंजाल्याची हस्तलिखिते

तेलंगणातील आदिलाबाद जिल्ह्यात, महाराष्ट्राच्या सीमेलगतच्या नारनूर मंडलात गुंजाला हे गोंड वस्तीचे गाव आहे. या परिसराचा मराठीशी संबंध जुना आहे. आज नांदेड जिल्ह्यात असलेला किनवट तालुका आणि चंद्रपूर जिल्ह्यात असलेला राजुरा तालुका १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपूर्वी आदिलाबाद जिल्ह्यातच होते. या भागातील गोंडांच्या शिक्षणाचा पद्धतशीर प्रयत्न १९४३ मध्ये मार्लवाई येथे सुरू झाला. मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हैमेनडॉर्फ यांच्या पुढाकाराने तेथे गोंड शिक्षकांसाठी प्रशिक्षण केंद्र उघडण्यात आले. त्या योजनेतील गोंडी वाचनपुस्तके देवनागरीत छापलेली होती. भाषा गोंडी आणि लिपी देवनागरी, अशी ती सांगड होती.

पुढे अनेक वर्षांनी गुंजाल्यात सुमारे डझनभर हस्तलिखिते अभ्यासकांच्या नजरेस आली. ती गोंडीत होतीच, शिवाय गोंडीच्या स्वतंत्र लिपीत होती. हैदराबाद विद्यापीठातील प्राध्यापक जयधीर तिरुमल राव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावातील जाणत्या मंडळींच्या साहाय्याने तिचा अभ्यास केला. ती वाचता येणारी माणसे त्या वेळी मोजकीच उरली होती. २०१४ च्या आरंभी या लिपीचा संगणकावरील प्राथमिक टंक, म्हणजे फॉन्ट, लोकांपुढे आला. २०१८ मध्ये युनिकोड या जागतिक संकेतप्रणालीच्या अकराव्या आवृत्तीत 'गुंजाला गोंडी' या नावाने तिच्या ६३ चिन्हांना स्थान मिळाले.

संकेतांक मिळाल्याने काय साधले, हे कार्यालयात काम करणाऱ्यांना वेगळे सांगावयास नको. पूर्वी एका संगणकावर टंकलिखित केलेला मराठी मजकूर दुसऱ्या संगणकावर नेताच अनाकलनीय चिन्हांत बदलत असे, कारण प्रत्येक टंकाची अंतर्गत मांडणी निराळी होती. युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला एकच निश्चित क्रमांक असतो. त्यामुळे गुंजाल्यात लिहिलेला मजकूर मुंबईत किंवा अन्य देशातही तसाच उमटू शकतो. गूगलच्या 'नोटो' या विनामूल्य टंकमालिकेत आज या लिपीचा टंक उपलब्ध आहे.

क्रमांकानंतरचे काम

अक्षराला क्रमांक मिळाला म्हणजे ते वाचनीय झाले असे नव्हे. अक्षराचे रूप क्रमांक ठरवीत नाही, ते माणसाला ठरवावे लागते, आणि संकल्पकाचे काम येथूनच सुरू होते.

हस्तलिखितात एकच अक्षर दहा ठिकाणी दहा प्रकारे लिहिलेले आढळते. त्यांपैकी लेखणीच्या ओघात झालेला बदल कोणता आणि अक्षराचे मूळ वळण कोणते, हे आधी ठरवावे लागते. दोन अक्षरे एकमेकांसारखी दिसत असतील, तर नवशिक्या मुलाचा गोंधळ टाळण्यासाठी त्यांतील भेद कोठे स्पष्ट करावा, याचा विचार करावा लागतो. स्वरचिन्ह व्यंजनाला कोठे आणि किती अंतरावर जोडावे, अक्षराच्या पोटातील पोकळी किती ठेवावी, दोन अक्षरांमध्ये व दोन ओळींमध्ये किती जागा सोडावी, हे सारे निर्णय मोजून घ्यावयाचे असतात. हलक्या कागदावर शाई पसरते आणि बारीक पोकळ्या बुजतात. म्हणून पाठ्यपुस्तकासाठी चालणारे अक्षर वर्तमानपत्री कागदावर चालेलच असे नाही. फलकावरील अक्षर दुरून आणि चालत्या वाहनातून वाचले जाते. भ्रमणध्वनीवरील अक्षर एखाद्या दाण्याएवढे असते.

यात बहुभाषिक जिल्ह्याचा प्रश्न निराळाच असतो. तेलुगू अक्षरे गोलाकार असून त्यांना सलग शिरोरेखा नसते. देवनागरीला ती असते. शाळेच्या एकाच फलकावर तेलुगू, देवनागरी आणि गुंजाला गोंडी या तिन्ही लिपी लिहावयाच्या झाल्या, तर प्रत्येक लिपीची उंची आणि जाडी अशी बेतावी लागते की त्यांतील एकही दुय्यम वाटू नये. लहान, फिकट अक्षरात एका कोपऱ्यात लिहिलेली भाषा वाचणाऱ्याला तिची पायरी दाखवून देते. हा केवळ सौंदर्याचा प्रश्न नाही, प्रतिष्ठेचाही आहे.

आणखी एक बाब लक्षात घेण्यासारखी आहे. गुंजाला गोंडीच्या परंपरेत व्यंजनांचा आरंभ 'क' या अक्षराने होत नाही, 'य' या अक्षराने होतो. बाहेरून आलेल्या संकल्पकाने सवयीप्रमाणे 'क' पासून अंकलिपी मांडली, तर ती नीटनेटकी दिसेल. पण गावातील वृद्धांना ती परकी वाटेल आणि ज्यांच्याकडून मुलांनी शिकावयाचे त्यांच्याच ज्ञानाशी तिचा मेळ बसणार नाही. म्हणून आधी विचारणे आणि मग आखणे, हा या विद्येचा पहिला नियम होय.

परंपरा आणि संस्था

अक्षररूपाचा असा विचार मराठी मुलुखाला नवीन नाही. एकोणिसाव्या शतकात जावजी दादाजी यांच्या निर्णयसागर छापखान्यासाठी राणोजी रावजी आरू यांनी घडविलेले देवनागरी खिळे देशभर नावाजले गेले. महाराष्ट्र शासनाच्या भाषा संचालनालयाने १९७१ मध्ये बापूराव नाईक यांचा देवनागरी मुद्राक्षरांवरील बृहद्ग्रंथ प्रसिद्ध केला. मुंबईच्या सर ज. जी. कला महाविद्यालयात १९३५ मध्ये व्यावसायिक कलेचा विभाग निघाला आणि त्यातूनच १९६१ मध्ये स्वतंत्र उपयोजित कला संस्था उभी राहिली.

मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत १९६९ मध्ये औद्योगिक संकल्पन केंद्राची स्थापना झाली. ज. जी. मध्ये शिकून पुढे जर्मनीतील उल्म येथील संकल्पन विद्यालयात अध्ययन केलेले सुधाकर नाडकर्णी हे या केंद्राच्या उभारणीतील प्रमुख होते. वस्तू कशी दिसते एवढेच न पाहता ती कोणासाठी, कशाने आणि कोणत्या गरजेपोटी घडते हे पाहावे, ही उल्मची शिकवण. याच केंद्रात र. कृ. जोशी यांनी १९८३ पासून अनेक वर्षे अध्यापन केले. शासकीय कार्यालयांत परिचित असलेला 'मंगल' हा देवनागरी टंक त्यांच्याच हातचा आहे. ज्या टंकात असंख्य आदेश आणि परिपत्रके निघाली, तो एका कलाशिक्षकाच्या अभ्यासातून सिद्ध झाला, ही गोष्ट विद्यार्थ्यांना सांगण्यासारखी आहे.

शिक्षणाचे स्वरूप

संकल्पनातील पदव्युत्तर अभ्यासक्रम सर्वसाधारणपणे दोन वर्षांचा असतो. पहिल्या वर्षी आकार, रंग, मुद्राक्षरकला, चित्रण, छायाचित्रण, चिन्हशास्त्र आणि संशोधनपद्धती यांचा पाया घातला जातो. पुढे प्रत्यक्ष प्रकल्पांवर भर दिला जातो. अखेरच्या प्रकल्पात विद्यार्थ्याने एखादा खरा प्रश्न निवडावा, त्याची पाहणी करावी, पर्याय आखावेत, ते वापरणाऱ्यांसमोर ठेवावेत, चुका दुरुस्त कराव्यात आणि केलेल्या निर्णयांचे समर्थन परीक्षकांसमोर करावे, अशी अपेक्षा असते. गोंडी अंकलिपीचा प्रकल्प घेणाऱ्याला ती सुबक छापून भागत नाही. मूल कोणत्या अक्षरापाशी अडखळते, हे वर्गात बसून पाहावे लागते.

हे क्षेत्र अक्षरांपुरते मर्यादित नाही. २०१६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात असलेल्या निर्मल येथील पोणिकी लाकडाची खेळणी प्रसिद्ध आहेत. केरामेरी मंडलातील उशेगाव येथील ओझा कारागीर मेणाच्या धाग्यांनी नक्षी घडवून, वर मातीचा लेप देऊन, वितळलेल्या पितळाचे ओतकाम करतात. या आदिलाबाद डोकरा कलेला २०१८ मध्ये भौगोलिक उपदर्शनाची नोंदणी मिळाली. अशा कलांचा अभ्यास करताना नक्षी उचलून नेणे हे संकल्पन नव्हे. वेष्टन, वाहतूक, किंमत आणि कारागिराचे नाव ग्राहकापर्यंत पोहोचविणे, हे संकल्पन होय.

प्रवेशाचे मार्ग

भारतीय तंत्रज्ञान संस्थांमधील पदव्युत्तर संकल्पन अभ्यासक्रमांसाठी 'सीड' ही सामायिक प्रवेश परीक्षा मुंबईची तंत्रज्ञान संस्था घेते. तीन वर्षांची किंवा त्याहून अधिक मुदतीची पदवी घेतलेला कोणत्याही शाखेचा विद्यार्थी तिला बसू शकतो. वयाची अट नाही. परीक्षेचा एक भाग संगणकावर आणि दुसरा कागदावर रेखाटनाचा असतो. त्यानंतर संस्था अभिरुची चाचणी व मुलाखत घेते आणि विद्यार्थ्याने केलेल्या कामांचा संग्रह पाहते. हैदराबादच्या तंत्रज्ञान संस्थेतही संकल्पन विभाग आहे. अहमदाबाद येथील राष्ट्रीय संकल्पन संस्था १९६१ पासून कार्यरत असून तिची प्रवेश परीक्षा स्वतंत्र असते. उपयोजित कलेतील पदवीनंतर त्याच विषयात ललित कलेची पदव्युत्तर पदवी घेण्याची सोय मुंबईस ज. जी. मध्ये आणि हैदराबादेस जवाहरलाल नेहरू वास्तुशास्त्र व ललित कला विद्यापीठात आहे.

केंद्रीय संस्थांमध्ये अनुसूचित जमातींसाठी साडेसात टक्के जागा राखीव असतात. उच्च शिक्षणासाठी केंद्राच्या आदिवासी कार्य मंत्रालयाची शिष्यवृत्ती योजनाही आहे. अर्जाच्या तारखा आणि शुल्क दरवर्षी बदलतात. म्हणून त्या त्या वर्षीची अधिकृत माहितीपुस्तिका पाहूनच अर्ज करणे हिताचे.

कोणी काय करावे

या शिक्षणाची पूर्वतयारी खेड्यातील शाळेतच होऊ शकते. चित्रकलेचा तास हा मोकळा तास समजून अन्य विषयाला देऊ नये. महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांना एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या शासकीय रेखाकला परीक्षांना बसवावे. घरच्या ओसरीवरील रांगोळी, भिंतीवरील चित्रे, बाजारातील पाट्या आणि आजोबांच्या हस्ताक्षराचे नमुने मुलांनी वहीत उतरवून ठेवावेत. प्रवेशाच्या वेळी पाहिला जाणारा कामांचा संग्रह अशा वहीतूनच आकाराला येतो. बोर्डावरील गुळगुळीत चित्रांच्या नकलांपेक्षा आपल्या डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीचे साधे रेखाटन परीक्षकाला अधिक सांगून जाते.

अधिकाऱ्यांनी सूचनाफलक किंवा पत्रक काढण्यापूर्वी ते ज्यांच्यासाठी आहे अशा चार माणसांना वाचावयास द्यावे. लसीकरणाची तारीख किंवा पुराचा इशारा वाचता आला नाही, तर दोष नेहमी वाचणाऱ्याच्या अडाणीपणाचा नसतो. पुष्कळदा तो मांडणीचा असतो. ग्रामस्थांनी जुनी हस्तलिखिते, बाडे आणि वह्या रद्दीत न देता जपाव्यात, त्यांची छायाचित्रे काढून ठेवावीत आणि अभ्यासकाला दाखविताना मूळ प्रत आपल्याच गावी राहील याची काळजी घ्यावी.

२०११ च्या जनगणनेत गोंडी ही मातृभाषा सांगणाऱ्यांची संख्या २९ लाखांहून अधिक होती. तिच्यासाठी आज देवनागरी आणि तेलुगू वापरल्या जातात. १९१८ मध्ये बालाघाट जिल्ह्यातील मुन्शी मंगलसिंह मसराम यांनी सिद्ध केलेली लिपी आहे, आणि गुंजाल्याची लिपीही आहे. त्यांपैकी कोणती वापरावी, हा निर्णय गोंडी बोलणाऱ्यांचा आहे, संकल्पकाचा नव्हे. मात्र लोकांनी निवड केल्यावर ती लिपी छापताच येत नाही, वाचताच येत नाही, अशी अडचण पुढे येता कामा नये. मोडीच्या वेळी तशी अडचण आली आणि तिच्यावर तोडगा काढणारी माणसे पुरेशी नव्हती. गुंजाल्याच्या बाबतीत ती माणसे याच जिल्ह्यातील शाळांतून आणि याच घरांतून तयार झाली, तर पदव्युत्तर पदवीच्या त्या दोन वर्षांचे खऱ्या अर्थाने चीज होईल.